पेन्सिलीच्या खुणा करणारा डॉक्टर

वर्ग चालू असताना दोन-तीन बाकांवरची डोकी एकाच वेळी खाली गेली, की बाकाखाली मोबाइल निघाले आहेत हे ओळखायला फार वर्षे शिकवावे लागत नाही. गेल्या पावसाळ्यात मी एमबीबीएसच्या मुलांना पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराबद्दल सांगत होते. बोलता बोलता ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’ हा शब्द आला आणि डोकी खाली गेली. मी तिसऱ्या बाकावरच्या मुलाला उभे केले. तो मराठी माध्यमातून आलेला, अबोल. त्याने घाबरत मोबाइल पुढे केला. त्यावर ना सिनेमा होता, ना कुणाशी गप्पा. तोच शब्द त्याने शोधायला टाकला होता. क्लॉडिकेशन म्हणजे मूळ लॅटिनमध्ये लंगडणे, एवढे त्याला चार सेकंदांत मिळाले होते.

मला त्याच्यावर रागावता आले नाही. मीही मराठी माध्यमातलीच. आमच्या वेळी असा शब्द कानावर पडेल तसा देवनागरीत वहीत उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन वैद्यकीय शब्दकोशाची एकुलती एक प्रत रिकामी होण्याची वाट पाहायची. स्पेलिंग ठाऊक नसले तर ‘के’पासून सुरू करून ‘सी’पर्यंत मागे यायचे. तेवढ्यात तास कधीच पुढे गेलेला असे, आणि वर्गात हात वर करून विचारायची हिंमत नसे.

त्या मुलाच्या चार सेकंदांमागे बरेच जण आहेत, पण सर्वांत आधी एका माणसाचे नाव घ्यावे लागेल. इंटरनेट जन्मायच्या कितीतरी आधी तो गेला. त्याचे नाव डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज. ग्रंथपालांना तो ठाऊक आहे. डॉक्टरांना ठाऊक असायला हवा, पण माझ्या माहितीतल्या दहा डॉक्टरांपैकी नऊ जणांनी त्याचे नाव ऐकलेले नसते.

बिलिंग्ज यांचा जन्म १२ एप्रिल १८३८ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ग्रामीण भागात झाला. वडील शेतकरी. पुढे त्यांनी अ‍ॅलन्सव्हिल या लहानशा गावात दुकान घातले आणि गावचे टपालही सांभाळले. घरात पुस्तके थोडी होती, मुलगा मात्र हाती येईल ते वाचणारा. आठ-दहा वर्षांचा असताना एका पुस्तकात त्याला मध्येच न कळणाऱ्या भाषेतली वाक्ये भेटली. एका तरुण पाद्र्याला विचारल्यावर ते लॅटिन आहे असे कळले. मग लॅटिन शिकायला कोणती पुस्तके लागतात हेही त्याने विचारून घेतले, व्याकरण आणि शब्दकोश मिळवला आणि एकेक शब्द शोधत ती भाषा शिकला. शिकवायला कुणी नव्हते. मोबाइलवर लॅटिन मूळ शोधणारा माझा विद्यार्थी पाहिला तेव्हा मला हाच प्रसंग आठवला.

कॉलेजला जायचे तर पैसा हवा. बिलिंग्जनी वडिलांशी सरळ व्यवहार केला: शिक्षणाला मदत करा, मग घरच्या मालमत्तेवर माझा हक्क नाही, सारे बहिणीला द्या. मायामी विद्यापीठातून ते १८५७ मध्ये पदवीधर झाले. (हे मायामी ओहायो राज्यात आहे, समुद्रकिनाऱ्यावरचे प्रसिद्ध शहर नव्हे.) त्यानंतर सिनसिनाटीच्या मेडिकल कॉलेज ऑफ ओहायोमध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. एका हिवाळ्यात ते आठवड्याला पंचाहत्तर सेंटमध्ये भागवत. स्वयंपाक स्वतः करायचा, आणि तो बहुतेक दूध-अंड्यांचाच. शवविच्छेदनाच्या खोल्यांची देखभाल करून चार पैसे मिळत.

तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण ऐकून आजच्या पालकांना धक्का बसेल. पाच-पाच महिन्यांची दोन सत्रे असत आणि दुसऱ्या सत्रात पहिल्याचीच व्याख्याने पुन्हा व्हायची. प्राध्यापक बोलणार, मुले ऐकणार. ते सांगतात ते खरे की खोटे, दुसऱ्या कुणी काय पाहिले, हे तपासण्याची सोय नव्हती.

ती नाही, हे बिलिंग्जना कळले ते पदवीचा प्रबंध लिहिताना. विषय होता अपस्मारावरचे, म्हणजे फिट्सवरचे, शस्त्रक्रियेने उपचार. अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्ण बरे झाले आणि किती दगावले, याचे आकडे त्यांना हवे होते. प्रश्न साधा होता. उत्तरासाठी त्यांना महिनोन्‌महिने पुस्तके आणि नियतकालिके पालथी घालावी लागली. पुस्तकाच्या सूचीत विषय नसला तरी आत तो असू शकतो, हे लक्षात आल्यावर सूचीवरही भरवसा ठेवता येईना. आणि इतके करूनही जे हवे ते सगळे सिनसिनाटीत नव्हतेच. ते अमेरिकेतल्या कुठल्याच ग्रंथालयात एकत्र नव्हते. त्यासाठी युरोपात जाऊन एक नव्हे, अनेक मोठ्या शहरांतली ग्रंथालये धुंडाळावी लागली असती. बावीस वर्षांच्या, दूध-अंड्यांवर जगणाऱ्या मुलाला ते कसे जमावे? १८६० मध्ये पदवी मिळाली, पण हा सल राहिला. पुढे कित्येक वर्षांनी, आपण जे काम उभे केले त्याचे मूळ या प्रबंधात आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले.

लगेच अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. लष्करी डॉक्टरांच्या परीक्षेत बिलिंग्ज पहिले आले आणि उत्तरेकडच्या सैन्यात दाखल झाले. चॅन्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्गच्या लढायांत त्यांनी दिवसरात्र जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. पत्नीला लिहिलेल्या पत्रांत थकून गेलेला माणूस दिसतो. त्या युद्धातल्या शस्त्रक्रियांवर वेगळा लेख लिहावा लागेल. इथे एवढेच, की १८६४ च्या अखेरीस त्यांची बदली वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या कार्यालयात झाली. रणांगणावरचा सर्जन टेबलावर आला. त्या कार्यालयात एक लहानसे ग्रंथसंग्रहालय होते, जेमतेम दोन हजारांच्या आसपास पुस्तकांचे. इतर कामांसोबत तेही त्यांच्या गळ्यात पडले.

युद्ध संपल्यावर लष्करी इस्पितळे बंद झाली आणि त्यांच्याकडे न खर्चलेले सुमारे ऐंशी हजार डॉलर उरले. ते या ग्रंथालयाला मिळाले. सरकारी इस्पितळात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला या वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. न खर्चलेला निधी पुस्तकांसाठी वापरायला मिळणे हे आमच्याकडे स्वप्नातही येत नाही.

ग्रंथालयाला जागा मिळाली ती फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीत. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना एप्रिल १८६५ मध्ये गोळी घातली गेली तेच हे नाट्यगृह. त्यानंतर सरकारने ते ताब्यात घेऊन आत मजले चढवले होते. तिथे बसून बिलिंग्जनी पुस्तके गोळा करायचा सपाटा लावला. डॉक्टरांना पत्रे लिहायची, घरात धूळ खात पडलेले जुने अंक आणि पुस्तिका मागायच्या, दोन प्रती झाल्या की एक दुसऱ्या ग्रंथालयाला देऊन बदल्यात हवी ती घ्यायची. परदेशातल्या संस्थांशीही अशीच देवघेव चाले. १८९५ मध्ये त्यांनी हे काम सोडले तेव्हा तिथे एक लाखाहून जास्त पुस्तके आणि दोन लाखांच्या घरात पुस्तिका होत्या.

पण ढीग म्हणजे ग्रंथालय नव्हे. प्रबंधाच्या वेळचा प्रश्न तसाच होता. हवे ते नेमके कुठे आहे? पुस्तकाचे नाव आणि लेखक यांची यादी कुणीही करील. वैद्यकातले नवे ज्ञान येते ते नियतकालिकांतल्या लहान-मोठ्या लेखांतून, आणि त्या लेखांची विषयवार नोंद करणे हे डोंगराएवढे काम. बिलिंग्जनी ते अंगावर घेतले. रोज संध्याकाळी नव्या अंकांचे गठ्ठे घरी जात. रात्री ते एकेक अंक चाळत आणि नोंद घेण्याजोग्या लेखांवर पेन्सिलीने खूण करत. दुसऱ्या दिवशी कारकून खूण केलेल्या प्रत्येक लेखाचे कार्ड लिहीत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा अनेक भाषांतले अंक असत. वर्षानुवर्षे हेच चालले. मदतीला होते डॉ. रॉबर्ट फ्लेचर, मूळचे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे. वयाने बिलिंग्जपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण चिकाटीत त्यांच्या तोडीचे.

१८७६ मध्ये त्यांनी नमुन्याची पुस्तिका छापून अशी सूची कशी असेल ते दाखवले. १८८० मध्ये ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला खंड निघाला. दरवर्षी एक याप्रमाणे १८९५ पर्यंत सोळा खंड झाले. लेखकांची नावे आणि विषय एकाच वर्णानुक्रमात लावलेले. त्यामुळे आजाराचे नाव काढले की त्याखाली जगभरातल्या पुस्तकांची आणि लेखांची यादी मिळे. सिनसिनाटीतल्या त्या विद्यार्थ्याने महिने घालवले ते काम आता एका दुपारचे झाले.

यातली खरी अवघड गोष्ट वाचकांना सहज दिसणार नाही. ती म्हणजे शब्द. एका आजाराची अनेक नावे असतात. फुप्फुसाच्या क्षयाला तेव्हा कुणी थायसिस म्हणत, कुणी कन्झम्प्शन, कुणी ट्युबरक्युलोसिस. तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या नोंदी गेल्या तर शोधणाऱ्याला एक तृतीयांशच हाती लागणार, आणि त्याला ते कळणारही नाही. म्हणून एक नाव मुख्य धरायचे आणि बाकीच्यांपाशी ‘तिकडे पाहा’ असे लिहायचे. हे ठरवायला आजार कळावा लागतो, नुसती बाराखडी नव्हे. याच ओढीने बिलिंग्जनी १८९० मध्ये दोन खंडांचा ‘नॅशनल मेडिकल डिक्शनरी’ हा शब्दकोशही काढला. त्यात इंग्रजीसोबत फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि लॅटिन शब्द होते.

खंड वर्षाला एक निघायचा, त्यामुळे ‘अ’चा खंड छापून झाल्यावर त्या अक्षरात आलेले नवे काही त्यात येणार नव्हते. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १८७९ पासून बिलिंग्ज आणि फ्लेचर यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केले. दर महिन्याला जगात वैद्यकावर जे नवे छापले गेले त्याची विषयवार यादी. पैशाच्या बाजूने हे मासिक कायम रडतखडत चालले. वर्गणीदार पुरेसे मिळेनात, १८९९ मध्ये ते बंद पडले. १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या मदतीने पुन्हा उभे राहिले. मी एमडी करत होते तेव्हा याच ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड टेबलावर उघडून बारीक टाइपातल्या ओळींवर बोट फिरवत आम्ही प्रबंधाचे संदर्भ शोधत असू. मग लेखकाला पोस्टकार्ड. नशीब असेल तर दोन महिन्यांनी लेखाची प्रत परदेशी तिकीट लावून यायची.

इतके सारे छापील कागद चाळणाऱ्या या माणसाला त्यांचे कौतुक किती होते? फारसे नव्हते, हे मला विशेष वाटते. १८८१ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत ते वैद्यकीय वाङ्मयावर बोलले. वर्षाला जे प्रचंड प्रमाणात छापले जाते त्यातला मोठा भाग जुन्याची पुनरावृत्ती असतो आणि खरोखर नवे थोडेच असते, हे त्यांनी तिथे परखडपणे मांडले. यादी म्हणजे ज्ञान, असा त्यांचा समज कधीच नव्हता. यादी मूळ लेखापर्यंत पोचवते, पुढे तो लेख वाचून पारखायचा तो आपणच.

बिलिंग्ज यांची बाकीची कामे एकेका माणसाच्या आयुष्याला पुरतील अशी आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळासाठी पाच तज्ज्ञांकडून आराखडे मागवले गेले, त्यांत बिलिंग्ज यांचा निवडला गेला. १८८९ मध्ये सुरू झालेल्या या इस्पितळात हवा कशी खेळावी इथपासून विद्यार्थी रुग्णाच्या खाटेपाशी कसे शिकतील इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. तिथे विल्यम ऑस्लर यांना आणण्यातही त्यांचाच हात. फिलाडेल्फियात ऑस्लर यांच्या खोलीवर ते गेले, मेडिसिन विभागाची धुरा घ्याल का असे विचारले, होकार मिळताच खुर्चीवर टेकलेही नाहीत आणि निघाले. स्वभावाने ते असे तुटक होते. हाताखालच्या माणसांना त्यांचा धाक वाटे.

आणखी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेत जन्म-मृत्यू आणि आजारांच्या आकडेवारीचे काम बिलिंग्जकडे होते. लाखो नोंदी माणसांनी हाताने मोजायच्या, त्याला सात-आठ वर्षे लागत. त्याच कार्यालयात हर्मन हॉलरिथ नावाचा तरुण अभियंता होता. एका रविवारी संध्याकाळी बिलिंग्ज यांच्या घरी चहाच्या टेबलावर विषय निघाला, आणि ही निव्वळ यांत्रिक मोजणी करायला एखादे यंत्र असायला हवे असे बिलिंग्ज म्हणाले. ही आठवण खुद्द हॉलरिथ यांनी लिहून ठेवली आहे. कल्पना ऐकून हॉलरिथ यांनी भोके पाडलेली कार्डे वाचणारे यंत्र तयार केले आणि १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून अधिक माणसांची मोजणी त्यावर झाली. हॉलरिथ यांची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या एकत्र कंपनीने १९२४ मध्ये नाव घेतले आयबीएम. यंत्र बांधले ते हॉलरिथ यांनीच, ते श्रेय त्यांचेच. पण रात्री घरी कार्डांसाठी खुणा करणारा माणूस आणि कार्डे मोजणारे यंत्र असावे असे सुचवणारा माणूस एकच होता.

१८९५ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर बिलिंग्ज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले संचालक झाले. नव्या इमारतीचा आराखडा त्यांनी आधी एका लहानशा कागदावर पेन्सिलीने काढला होता. वाचनकक्ष सर्वांत वर आणि त्याच्या खाली पुस्तकांच्या मांडण्यांचे सात मजले, म्हणजे मागितलेले पुस्तक लिफ्टने सरळ वाचकाच्या हाती यावे. इथेही ध्यास तोच, शोधणाऱ्याचा वेळ वाचवण्याचा. मे १९११ मध्ये ही इमारत खुली झाली. तोवर त्यांच्या स्वतःवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, १९१२ मध्ये पत्नीही गेली. अशाच एका शस्त्रक्रियेनंतर ११ मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना पुरले. जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम वेल्च यांनी अमेरिकेने वैद्यकाला दिलेल्या देणग्यांत या ग्रंथालयाला आणि त्याच्या सूचीला सर्वांत वरचे स्थान दिले होते, शस्त्रक्रियेतल्या भुलीच्याही वर.

त्यांच्या ग्रंथालयाचे पुढे ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ झाले. १९६० मध्ये तिथे आजारांच्या मुख्य नावांची नवी पद्धतशीर यादी तयार झाली, म्हणजे बिलिंग्ज यांचा थायसिस-कन्झम्प्शनचाच प्रश्न. १९६४ पासून ‘इंडेक्स मेडिकस’ संगणकावर तयार होऊ लागला, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ आले, आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’ जगभर सर्वांना फुकट खुले झाले. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ मध्ये बंद झाला.

त्या दिवशी वर्गात मी सगळ्यांनाच मोबाइल बाकावर ठेवायला सांगितले, आणि क्लॉडिकेशन शोधा म्हटले. कुणाला लंगडणे मिळाले, कुणाला औषधाची जाहिरात, एकाला जनावरांच्या डॉक्टरांसाठीची माहिती. पबमेडवर एकच जण गेला, आणि त्यालाही हजारो लेख पाहून काय उघडावे ते कळेना. पुन्हा त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे वळले. त्याला शब्द लंगडण्याचा मिळाला होता, पण रुग्ण लंगडत येत नाही. तो चालत येतो. चालताना पोटरी दुखते, दोन-चार मिनिटे थांबला की दुखणे जाते, पुन्हा तेवढेच अंतर चालला की पुन्हा दुखते. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याने स्नायूला पुरेसे रक्त मिळत नाही. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची मोठी कारणे. जर्मन लोक याला दुकानाच्या काचेचा आजार म्हणतात, कारण माणूस दुखणे लपवायला काचेतल्या वस्तू पाहत उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्याच मुलाला एक रुग्ण तपासायला दिला. साठीचे गृहस्थ, बिडी ओढणारे. पाय दुखतो का, असे विचारल्यावर नाही म्हणाले. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, की काका, घरापासून देवळापर्यंत जाताना मध्ये कुठे थांबता का? गृहस्थ म्हणाले, हो, पिंपळाच्या पारावर जरा बसतो, आणि येताना पुन्हा बसतो.